धोंड्याखाली दोन दात

मातीतून डोकं वर काढलेला धोंडा खाली केवढा असेल, याचा अंदाज सहसा चुकतोच. वर दिसतो घमेल्याएवढा. पहार घालून हलवायला जावं तर ढिम्म हलत नाही. कडेची माती उकरली की रुंद होतो, आणखी उकरली की आणखी रुंद. दुपारपर्यंत कमरेएवढा खड्डा होतो आणि धोंड्याचा तळ अजून दिसलेला नसतो. सिन्नर, पारनेर, पुरंदर, माण, खटाव अशा मुरमाड टापूत घरासाठी किंवा चार झाडांसाठी ज्यांनी जागा साफ केली आहे, त्यांना हे सांगायला नको. शेवटी कुणीतरी म्हणतं, "मशीन बोलवा." मग तीन टनांचं मिनी पोकलेन टेम्पोतून उतरतं, रबरी पट्ट्यांवरून डुलत त्या खड्ड्यापाशी येतं, धोंड्याच्या कडेखाली बकेटीचे दोन दात सरकवतं आणि चार माणसांना दाद न देणारा दगड उताणा पडतो.

हे पाहायला माणसं जमतात. २०१९मध्ये जेसीबीची खोदाई बघत उभ्या राहणाऱ्या गर्दीची समाजमाध्यमांवर देशभर चेष्टा झाली होती. मला ती गर्दी शहाणी वाटते. तिच्या डोळ्यांसमोर जे घडत असतं त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, सतराव्या शतकातला एक फ्रेंच गणिती आहे आणि भूमितीचा एक नियम आहे. भाड्याने आणलेल्या मशीनच्या एका तासात हे सगळं बघायला मिळत असेल, तर पाय रोवून उभं राहण्यासारखंच आहे.

सुरुवात भूमितीपासून करू, कारण माणसाचा पहिला पराभव तिथेच होतो. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्याचा एक भरीव घनमीटर सुमारे २.९ टन भरतो. धोंडा गोल धरला, तर ३० सेंटिमीटर व्यासाचा दगड साधारण ४० किलोचा होतो. सिमेंटच्या पोत्यापेक्षा हलका. धडधाकट माणूस उचलतो. त्याच्या दुप्पट व्यासाचा, ६० सेंटिमीटरचा दगड मात्र ८० किलोचा नसतो, सव्वातीनशे किलोचा असतो. आणखी दुप्पट करा, १२० सेंटिमीटर, की तो अडीच टनांच्या पुढे जातो. रुंदी दुप्पट झाली की वजन आठपट. डोळा रुंदी मोजतो, कंबर वजन मोजते, आणि दोघांचा हिशेब कधीच जुळत नाही. दीड वितीपर्यंतचा दगड हाताचा, त्यापुढचा मशीनचा, अशी सीमा गावोगाव न ठरवता पडलेली दिसते. तिच्यामागे हे घनाचं गणित आहे.

आता हे गोल धोंडे आले कुठून? नदीतला गोटा गोल असतो तो वाहून-घासून. पण माळावर, नदीपासून कोसभर लांब, जमिनीत पुरलेला धोंडा गोल का? तो तिथे गडगडत आलेला नाही. तो जिथे आहे तिथेच होता, आणि सुरुवातीला तो गोल नव्हता.

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथल्या भेगांमधून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचत गेला. आजही दख्खनचा हा बेसाल्ट जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. हजार अंशांच्या वर तापलेला लाव्हा निवताना आकसतो, आणि घट्ट झालेला खडक आकसायला लागला की त्याला तडे जातात. कुठे ते इतके शिस्तीत जातात की सरळ उभे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्यासाठीच पाहावी. बहुतेक ठिकाणी मात्र आडवेउभे तडे एकमेकांना छेदतात आणि अखंड दिसणारा खडक आतून ओबडधोबड चौकोनी ठोकळ्यांत विभागलेला असतो.

या तड्यांमधून पावसाचं पाणी उतरतं. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने ते किंचित आम्लधर्मी झालेलं असतं. बेसाल्टमधल्या फेल्डस्पारची ते हळूहळू चिकणमाती करतं, लोहाला गंज चढवतं. आता ठोकळ्याचा विचार करा. त्याच्या सपाट बाजूला पाणी एकाच दिशेने भिडतं. कडेला दोन दिशांनी. कोपऱ्याला तीन दिशांनी. म्हणून कोपरे सर्वात आधी झिजतात, मग कडा, आणि चौकोनी ठोकळा जागच्या जागी, एक बोटभरही न हलता, गोल होत जातो. त्याच्याभोवती कुजलेल्या दगडाचे पापुद्रे राहतात, पिवळट-तपकिरी, नखाने सुटतील असे. बाहेरचे पापुद्रे आणखी कुजले की त्यांचाच मुरूम होतो, मुरमाची पुढे माती. मधला न कुजलेला गाभा म्हणजे आपला धोंडा.

घाटरस्त्यासाठी कापलेल्या कडेला गाडी थांबवून एकदा हे पाहावं. तपकिरी मुरमात काळे गोळे जडवल्यासारखे दिसतात. त्यांच्याभोवतीची वर्तुळं नीट पाहिली, तर प्रत्येक गोळ्याची मूळची चौकोनी हद्दसुद्धा पुसट ओळखू येते. दगड जमिनीत शिरलेला नाही. जमीनच त्या दगडातून झाली आहे. परसातला धोंडा हटवायला आपण जातो, तेव्हा मातीत व्हायच्या राहिलेल्या डोंगराचा उरलेला तुकडा हटवत असतो.

या सगळ्यात काम करणारी गोष्ट एकच आहे: पृष्ठभाग. वजन घनफळाच्या हिशेबाने वाढतं, पण पाणी दगडाला फक्त पृष्ठभागावरून खाऊ शकतं. जिथे पृष्ठभाग जास्त उघडा, तिथे झीज जास्त. आणि गंमत अशी की त्याच धोंड्याला उचलायला येणारं मशीनसुद्धा क्षेत्रफळाच्याच जोरावर चालतं.

मिनी पोकलेनच्या हातावर चकचकीत दांडे असतात, आतबाहेर सरकणारे. ते सिलिंडरमधून येतात आणि सिलिंडरात तेल असतं. ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात मांडलं की बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा जोर. म्हणून बारक्या नळीतून आलेला दाब रुंद दट्ट्यावर पडला की एकूण जोर दट्ट्याच्या क्षेत्रफळाच्या पटीत वाढतो. कुलपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५मध्ये यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. तीच युक्ती आज तुमच्या कुंपणाच्या आत येऊन उभी राहते.

आकडे घालून बघा. मोटारीच्या टायरमधली हवा दर चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलोने दाबलेली असते. छोट्या पोकलेनमधलं तेल काम करताना सुमारे २०० किलोने दाबलेलं असतं. ८ सेंटिमीटर व्यासाचा सिलिंडर धरला तर आतल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ होतं ५० चौरस सेंटिमीटर. पन्नास गुणिले दोनशे, दहा हजार किलो. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल अशा जाडीच्या नळकांड्यातून दहा टनांचा जोर! इतक्या दाबाखाली तेल आकसतं ते जेमतेम एक-दीड टक्का, म्हणून पंपाने ढकललेलं जवळजवळ सगळं तेल कामाला लागतं. स्प्रिंगसारखं मागे-पुढे होत नाही. ऑपरेटरने लिव्हर सोडला की बकेट जागच्या जागी थांबते, आणि लिव्हर अगदी हलकेच ओढला की बोटभर सरकते. एवढ्या ताकदीचं एवढं नाजूक नियंत्रण मला त्या ताकदीपेक्षाही मोठं नवल वाटतं.

मग तीन टनांचं मशीन दहा टनांचा धोंडा का उचलत नाही? कारण त्याचा हात आपल्या हातासारखा बांधलेला आहे. आपल्या दंडाचा स्नायू कोपराच्या अगदी जवळ जोडलेला असतो. स्नायू थोडासा आकसतो आणि तळहात मोठा घेर घेतो. पण त्या बदल्यात पाच किलोची पिशवी धरायला स्नायूला कित्येक पट जोर लावावा लागतो. पोकलेनचा सिलिंडरही सांध्याजवळच बसवलेला असतो. जोर खर्चून पल्ला मिळवायचा हा सौदा. दहा टनांतून दातांपाशी अडीच-तीन टन उरतात. आणि ते अडीच-तीन टन सगळ्या बकेटीवर न पसरता दोन दातांच्या टोकांवर एकवटतात, काही थोड्या चौरस सेंटिमीटरवर. तेलाने क्षेत्रफळ वाढवून जोर मिळवला, दातांनी क्षेत्रफळ घटवून तो टोचता केला.

खाली पट्ट्यांकडे पाहा. तिथे हाच हिशेब उलट चालतो. प्रत्येकी ३० सेंटिमीटर रुंदीचे आणि जमिनीला सुमारे १६० सेंटिमीटर टेकणारे दोन पट्टे, म्हणजे ९,६०० चौरस सेंटिमीटर. तीन हजार किलो त्यावर वाटले, तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३०० ग्रॅम. सत्तर किलोचा माणूस चालताना एका पायावर असतो, तेव्हा त्याच्या तळव्याखाली साधारण ३५० ग्रॅमचा दाब पडतो. म्हणजे लोखंडाचं ते धूड तुमच्या परसातून जाताना मातीला तुमच्यापेक्षा जड वाटत नाही. जमीन तुडवली जाईल या धास्तीने अनेक जण मशीन बोलवायला कचरतात. त्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा. मात्र एक पथ्य आहे: हे कोरड्या जमिनीला लागू. ओल्या काळ्या मातीत जागच्या जागी वळणारे पट्टे माती कालवून टाकतात, आणि ती पुढे विटेसारखी घट्ट होते. म्हणून दगड काढायचे ते उन्हाळ्यात, वळवाच्या आधी.

चांगला ऑपरेटर धोंड्याला थेट भिडत नाही. आधी वरची सुपीक माती खरवडून बाजूला वेगळा ढीग लावतो. तरी हे त्याला आपणहून सांगून ठेवावं. न सांगितलं तर माती, मुरूम, दगड एकत्र कालवले जातात आणि पुढे कितीही शेणखत टाकलं तरी जमीन लवकर सावरत नाही. मग तो धोंड्याच्या तीन बाजूंनी चर काढतो. चौथी बाजू, शक्यतो उताराकडची, त्याला ढकलून बाहेर काढायला ठेवतो. चर खाली जाईल तसा मुरमाचा रंग बदलतो. तपकिरी पापुद्रे दिसायला लागले की बकेटीची गती मंदावते. दात त्या मऊ पापुद्र्याच्या आणि काळ्या गाभ्याच्या मध्ये शिरवायचे असतात, कारण पाण्याने लाखो वर्षं खपून तिथेच सुटण्याची जागा तयार करून ठेवलेली असते. दात खरवडल्याचा आवाज येतो. आधी भरड, मग एकदम कर्कश. कर्कश झाला की समजायचं, लोखंड गाभ्याला लागलं.

आता बकेटीची पाठ खड्ड्याच्या काठावर टेकते आणि बकेट आत वळते. हे उचलणं नव्हे. ही पहारच आहे, टेकूसकट. कधी इंजिनाचा आवाज जड होतो आणि तेलाची बारीक शीळ ऐकू येते. दाब मर्यादेपर्यंत पोहोचला की एक झडप उघडते आणि तेल टाकीकडे परत जातं, त्याचा हा आवाज. मशीन सांगत असतं की यापुढे मी जोर लावणार नाही. अननुभवी माणूस इथे लिव्हर ओढतच राहतो. कसलेला ऑपरेटर दात काढतो, वीतभर बाजूला घालतो आणि पुन्हा वळवतो. तिसऱ्या-चौथ्या जागेला धोंडा हलतो. आधी हलते ती भोवतालची माती: एक केसाएवढी चीर धोंड्याभोवती गोल धावते. ती चीर पाहायलाच जवळ उभं राहावंसं वाटतं, पण हाताच्या घेराबाहेर, ऑपरेटरला दिसेल अशाच जागी राहावं. आणि उलटलेल्या धोंड्याच्या जागी लगेच हात घालू नये. तिथल्या गारव्यात विंचू किंवा फुरसं असू शकतं.

निघालेला धोंडा हवेत उंच धरून नेण्यात शौर्य नाही. अंगाजवळ टनभर पेलणारं मशीन हात पूर्ण लांबवला की त्याच्या निम्मंसुद्धा पेलत नाही, तोल जातो. म्हणून दगड जवळ आणि जमिनीलगत ठेवून न्यायचा, किंवा समोरच्या पात्याने लोटायचा. गोल आहे, लोटला की जातो.

काही धोंडे मात्र निघतच नाहीत. किंवा ते धोंडे नसतातच, खालच्या अखंड पाषाणाचं वर आलेलं टोक असतं. अशा वेळी बकेट काढून ब्रेकर लावतात. त्यात तेलाच्या दाबाने वर गेलेला दट्ट्या वर कोंडलेल्या नायट्रोजनला दाबतो. वायू त्याला झटक्यात खाली फेकतो आणि तो जाड छिन्नीवर आदळतो. हे मिनिटाला कित्येक शे वेळा. चांगला काळा पाषाण दाबून फोडायचा तर दर चौरस सेंटिमीटरला टनाहून जास्त जोर लागतो. पण दगड ताणाला कच्चा असतो. दाबाला जेवढा टिकतो त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात ताणाने फाटतो. म्हणून छिन्नी मधोमध ठोकत बसण्यात अर्थ नसतो. कडेपासून हातभर आत, जिथे दगडाला फाकायला मोकळी बाजू आहे, तिथे ठोकली की दगड फाकतो. वडार आणि पाथरवट कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ओळीने भोकं पाडून त्यात पोलादी पाचरा बसवायच्या, घणाने एकेक करून ठोकत जायचं आणि आवाज बदलला की थांबायचं. पुढचं काम दगडातला ताण स्वतः करतो. ब्रेकरने वेग आणला. कुठे ठोकायचं ही अक्कल अजूनही त्यांच्याकडून घेण्यासारखीच आहे.

आणि फुटलेला दगड आतून पाहिल्याशिवाय ढिगावर टाकू नका. लाव्हा निवताना त्यातले वायूचे बुडबुडे तिथेच अडकले होते. नंतर झिरपणाऱ्या उष्ण, खनिजयुक्त पाण्याने त्या पोकळ्यांना आतून स्फटिकांचं अस्तर लावलं. काळाकुट्ट धोंडा दुभंगतो आणि आत पांढरा किंवा गुलाबीसर स्टिल्बाइट, काचेसारखा पारदर्शक किंवा फिकट हिरवा अपोफिलाइट चमकतो. आपल्याकडच्या या गारगोट्या जगभरच्या संग्रहालयांत मांडलेल्या आहेत. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींतला गर्द निळा कॅव्हॅन्साइट खनिज जमवणाऱ्यांमध्ये जगप्रसिद्ध आहे. सिन्नरला तर या खनिजांना वाहिलेलं 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे. प्रत्येक परसात कॅव्हॅन्साइट सापडणार नाही, हे उघड आहे. पण जो दगड घराआड येतो म्हणून आपण फोडला, त्याच्या पोटातला तो स्फटिक पहिल्यांदा उजेड पाहतो आणि पाहणारे आपण असतो, हे माझ्या लेखी भाड्याच्या पैशांपेक्षा मोलाचं आहे.

एवढी ताकद एवढ्या लहान अंगात कशी आली, त्याचीही गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमधल्या उटॉक्सिटर या गावात जोसेफ सिरिल बॅमफर्ड याने १९४५मध्ये एका छोट्या भाड्याच्या गॅरेजात युद्धातलं उरलेलं सामान वापरून शेतीचा ट्रेलर बनवला. त्याच्या नावाची आद्याक्षरं आज आपल्या खेड्याखेड्यात बोलली जातात. पुढे खोरं आणि मागे खोदणारा हात असलेलं त्याचं यंत्र १९५३चं. पण ते रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेचं यंत्र; बोळातून आत जाणारं नव्हे. लहान यंत्राची गरज वेगळ्याच कोपऱ्यातून आली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे गावी एका टर्कीपालकाला दुमजली खुराड्यातली घाण काढायची होती. मधे खांब, त्यामुळे जागच्या जागी वळता यायला हवं; वरच्या मजल्यावर न्यायचं, त्यामुळे हलकं हवं. लुई आणि सिरिल केलर या लोहारकाम करणाऱ्या भावांनी १९५७मध्ये त्याला तीन चाकांचं एक लोडर करून दिलं. दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या दिशांना फिरवून गर्रकन वळणारं. त्यातूनच पुढे बॉबकॅट नावाचा लोडर आला. आणि जपानमध्ये, जिथे घरांमधलं अंतर हातभर, तिथे यानमार आणि ताकेउचीसारख्या कंपन्यांनी १९७०च्या आगेमागे छोटी पोकलेनं बाजारात आणली. नंतर तर वळताना ज्यांची पाठ पट्ट्यांच्या रुंदीबाहेर जात नाही अशी यंत्रं आली. कुंपणाच्या भिंतीला चिकटून उभं राहून ती भिंतीला न खरचटता मागे वळतात. अरुंद बोळ, दाटीची वस्ती, मधे उभं आंब्याचं झाड: आपल्याही परसांना नेमकं हेच लागतं.

भाडं ठरवताना दोन गोष्टी पक्क्या विचाराव्यात. भाव तासाचा असतो, पण तास कुठला? मशीनवर तासांचं मीटर असतं आणि ते इंजिन चालू असेतो धावतं, बकेट हलो वा न हलो. ट्रॅक्टरची ट्रॉली यायची वाट पाहत उभं राहिलेलं मशीन तुमच्याच खात्यावर उभं असतं. त्यामुळे काढायचे धोंडे आधीच चुन्याने खुणावून, टाकायची जागा ठरवून, ट्रॉली दारात आणूनच इंजिन सुरू करावं. दुसरं, डिझेल, ऑपरेटर आणि टेम्पोने आणणं-नेणं भावात धरलंय का. पट्ट्यांवर चालत ते तासाला तीन-चार किलोमीटर जातं, म्हणून आणण्याचा खर्च कधी कामाइतका होतो. दोन शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी बोलावलं तर दोघांना परवडतं. पाण्याची पाइपलाइन आणि विजेची केबल कुठून गेली आहे हे ऑपरेटरला आधी दाखवून द्यावं. तीन टनांच्या मशीनचं २५ अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे दिवसभर एकसारखं राबू शकणाऱ्या सुमारे अडीचशे माणसांचा जोर. तो धोंड्याला हलवतो तसा केबललाही घातक ठरतो.

राहिला दगडांचा ढीग. आपल्याकडे तो ब्रासने मोजतात. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. मोकळ्या रचलेल्या ढिगात मधे पोकळी धरून एका ब्रासला साडेचार-पाच टन दगड बसतो. तो जागेबाहेर न्यायचा किंवा विकायचा असेल, तर तो गौण खनिज ठरू शकतो, म्हणून तहसील कार्यालयात आधी विचारलेलं बरं. रात्रीतून ओढ्यात लोटून देणं हा सर्वात वाईट मार्ग. पहिल्या मोठ्या पावसात ओढा वळतो आणि कुणाच्या तरी वावरात घुसतो. माझं मत विचाराल तर दगड जागेतच ठेवावा. उताराला आडवा, समपातळीत बांध घालावा. मोठे खाली, लहान वर, मधल्या फटींत चिपा. पाणी त्यातून गाळून जातं आणि माती मागे थांबते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या कितीतरी ताली अशाच उभ्या राहिल्या आहेत. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात शेतकऱ्यांनी शेतातले दगड काढून रचलेल्या भिंतींची एकूण लांबी सुमारे २,४०,००० मैल असावी असा अंदाज केला गेला आहे. पृथ्वी ते चंद्र एवढं अंतर!

न्यू इंग्लंडच्या लोकांना दरवर्षी नवे दगड सापडत. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं, दगडाला वर उचलतं, आणि खालच्या पोकळीत माती घसरते. आपल्याकडे बर्फ नाही, तरी दगड वर येतात. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगांत बारीक माती पडते, दगड पडत नाही. पुढच्या पावसाळ्यात फुगणारी माती त्याला जराशी वर ढकलते. उतारावर तर आणखी सरळ गोष्ट घडते: वरची माती वाहून जाते आणि खालचा धोंडा जागेवरच उघडा पडतो. म्हणून साफ केलेल्या जागेवर लगेच झाडं लावायची घाई करू नये. खड्डे थराथराने, प्रत्येक थर दाबून भरावेत, वर राखून ठेवलेली माती पसरावी, त्यात ताग पेरावा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. दिवाळीनंतर जागेवरून फिरलं की भरलेले खड्डे कुठे खचले आणि नवी डोकी कुठे वर आली ते दिसतं. त्यांच्याभोवती चुना टाकून ठेवावा. पुढच्या उन्हाळ्यात मशीन अर्ध्या दिवसासाठी बोलावलं तरी पुरतं.